अष्टमीचं पाणी

धबधब्यांशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. माझं माहेर कोकणात, डोंगराच्या पायथ्याला. वाडीच्या मागे पावसाळ्यात एक धबधबा कोसळायचा आणि त्याच्या ओढ्यावर बायका धुणं घेऊन जायच्या. त्यांतली एक बाई मात्र धुणं न धुता वरच्या अंगाला दगडावर बसायची, पाठ सगळ्यांकडे, तोंड डोंगराकडे. पाण्याचा रंग बघणं, एवढंच तिचं काम. खाली ऊन असलं तरी वर पाऊस पडत असतो. लोंढ्याच्या आधी पाणी गढूळ होतं, पालापाचोळा येतो. ती ‘उठा’ म्हणाली की हातातलं लुगडं टाकून उठायचं. का, कशाला, असं कुणी विचारत नसे.

लग्न करून मी तळवलीला आले. सासरची माणसं खाडीकाठची, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी. मी बौद्ध, त्यांच्यातली नाही, आणि लग्न आम्ही रजिस्टर केलेलं. सासऱ्यांनी मला घरात घेतलं, माझा शब्द मात्र कधी मानला नाही. याला नऊ वर्षं झाली. ऑफिसात माझ्या सहीशिवाय कागद हलत नाही. घरात मी गॅस बंद करा म्हटलं तरी नवरा आधी वडिलांच्या तोंडाकडे बघतो.

यंदा आषाढातल्या एका रविवारी सासऱ्यांनी धबधब्यावर जायचं काढलं. जवळच्या धबधब्यांवर पोलीस उभे असतात, म्हणून त्यांनी पनवेलच्याही पलीकडचा, जंगलातून तासभर चालत जावं लागतं असा एक शोधला होता. ते, नवरा, आमची सात वर्षांची मुलगी आणि मी असे चौघं निघालो. सासूबाई गुडघ्यांमुळे सुटल्या.

“बाबा, डोंगरावर काळं दाटलंय. ओढ्याला पाणी वाढेल,” मी म्हटलं.

“आज अष्टमी हाय,” ते गाडीत बसता बसता म्हणाले. “भांगाचा पानी. चडनार नाय.”

खाडीचं पाणी तिथीवर चालतं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती मंदावलेली. हे त्यांना डोळे मिटून कळतं आणि ते खरंही असतं. पण डोंगरातल्या ओढ्याला चंद्राचं काय पडलंय? मी तसं बोलूनही दाखवलं.

“आता तू आमाला पानी शिकवनार?”

नवऱ्याने गाण्यांचा आवाज वाढवला. 

तासभर चिखल तुडवून आणि करवंदीच्या जाळ्यांत कपडे फाडून घेऊन आम्ही पोचलो. लोक म्हणतात तसं तिथे सुंदर असेलही. मला दिसली ती अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि बाहेर पडायला एकच वाट. सासरे पाण्याच्या मधोमध एका सपाट कातळावर नातीला घेऊन बसले, पाय पाण्यात सोडून. नवरा काठावर कोंबडीचा डबा उघडायला लागला. मी धबधब्याच्या बाजूचा चढ चढले आणि वरची धार दिसेल अशा जागी, त्यांच्याकडे पाठ करून बसले.

“बग, सूनबाय आपल्यात बसत नाय,” सासरे मला ऐकू जाईल अशा बेताने लेकाला म्हणाले. “रुसलीय.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला पंगतीत बसवायला कोण तयार नव्हतं, हे विचारावंसं वाटलं. पण मी नजर पाण्यावरून काढली नाही.

अर्ध्या तासात पांढऱ्या धारेत एक पिवळट रेघ उतरली, मग सगळी धारच चहासारखी झाली. पाठोपाठ पानं आणि काटक्या. मी उभी राहून ओरडले, “पाणी येतंय. बाहेर या, लवकर.” तिघांनीही वर बघितलं, म्हणजे तिघांनाही ऐकू आलं होतं.

सासऱ्यांनी हात वर केला. “बस गो. काय नाय होत.”

मी लेकीला हाक मारली. आत्ताच्या आत्ता बाहेर ये म्हणून दोनदा ओरडले. ती आजोबांकडे बघत तशीच बसून राहिली. नवरा हातात डबा घेऊन वडिलांच्या त्या उचललेल्या हाताकडे बघत उभा.

मी घसरत, ढोपरं फोडून घेत खाली आले. पाण्यात शिरून लेकीला दंडाला धरून खसकन ओढलं आणि काठावर आणून टाकलं. मागोमाग लोंढा आला. सासरे उठेपर्यंत पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. खाडीत जन्म गेलेला माणूस, त्यांनी हात मारायला सुरुवात केली. पण ते पाणी पोहण्याजोगं नव्हतं. मी ओढणीचं एक टोक त्यांच्याकडे फेकलं, दुसरं मी आणि नवऱ्याने धरलं. खरं सांगायचं तर ओढताना क्षणभर मनात आलं, सोडून द्यावी. सोडली नाही, पण मनात आलं होतं. त्यांच्या चपला आणि कोंबडीचा डबा वाहून गेला.

 घरी आल्यावर सासऱ्यांनी ओल्या कपड्यांनिशी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. “अष्टमी सकालीच संपली व्हती,” ते सासूबाईंना म्हणाले. “नवमी लागली.” नवमीलाही भांगच असतो, हे नऊ वर्षांत मला त्यांच्याच तोंडून कळलंय. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

स्वयंपाकघरात मी नवऱ्याला विचारलं, “माझा आवाज आला नव्हता का तुला?”

“आला होता.”

“मग?”

“बाबांनी हात केला ना,” तो फरशीकडे बघत म्हणाला. “सॉरी बोलतो ना. टेन्शन नको घेऊ.”

मी त्याला माफ केलेलं नाही आणि एवढ्यात करायचा विचारही नाही.

मग लेकीला आंघोळ घालायला घेतलं. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. केसांत ओढ्याची वाळू होती. मी तिला विचारलं, “आई एवढं ओरडून बोलावत होती, का नाही आलीस?”

ती हातावरचा फेस फुगवत होती. मान वर न करता, शाळेतला एखादा नियम सांगावा तशी म्हणाली, “आजोबा बोलले बस. तुझं घरात कोन ऐकतं?”

मी तांब्या भरला आणि तिच्या डोक्यावरचा साबण धुतला. घरात शांतता राहावी म्हणून नऊ वर्षं मी माझा शब्द खाली पडू देत आले आणि त्याला समजूतदारपणा म्हणत आले. त्या समजूतदारपणापायी माझी लेक त्या कातळावर बसून राहिली होती.