सातमीच्या शर्यतीचं सुतक

मी तोंडाची फटकळ, पण खोटं बोलायला हुशार नाही. आयुष्यात एकच मोठं खोटं नीट जमलं, आणि तेच मला खातंय.

आम्ही खानदेशातल्या तापीकाठचे भोई. आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नानंतर सुरतेला लूमवर आले आणि डिंडोलीत राहिले. नदी तीच, फक्त इथे रुंद. आषाढातल्या सातमीला सुरतवाले तापीमातेचा वाढदिवस करतात. साडीला साडी जोडून या काठापासून त्या काठापर्यंत चुंदडी नेतात, दूध सोडतात, घाटावर गरम लोचो खायला गाड्यांपाशी ही गर्दी. त्याच दुपारी डोंग्यांची शर्यत असते. त्यात एक डोंगा आमच्या लूमवाल्यांचा, आणि त्याचं मागचं वल्हं, डोंगा वळवायचं, आप्पांचं. लूमच्या खडखडाटाने सगळ्यांचेच कान गेलेले, हाळी कुणाला ऐकू येणार? म्हणून आप्पा टाचेने डोंग्याच्या तळावर ठोका द्यायचे, तो बसलेल्यांच्या बुडाला जाणवला की वल्ही पडायची. बाकीचे डोंगे ओरडत जायचे, आमचा मुकाट जायचा.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, वल्ह्याला हात लावायचा नाही. आप्पांनी कान नसल्याचा फायदा घेतला. आई रडली, भांडली, शेवटी जित्याची खोड म्हणून कपाळावर हात मारला आणि मला नवागामहून, सासरहून बोलावून घेतलं. तुझं ऐकतील म्हणे. कसलं ऐकतात! मग शर्यतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, गावाकडून फोन होता, तुमचा चुलतभाऊ गेला. सकाळीच सगळं उरकलं, आता जाऊन उपयोग नाही.

आमच्यात सुतक असलेल्या माणसाने शर्यतीच्या डोंग्याला शिवायचं नसतं. हळदकुंकू लागलं की डोंगा देवच. मला तेवढंच हवं होतं. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणजे खोटं उघडं पडायची भीती नाही, हाही विचार मी केला होता. एवढी मी शहाणी.

याच भावासोबत आप्पा लहानपणी वल्हवायला शिकले होते. मग टोपी काढून ठेवली, चहा पिऊन येतो म्हणाले आणि नाक्यावर गेले. रडायला गेले असतील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाटावर ते हात मागे बांधून उभे राहिले, चुकूनही डोंग्याला लागू नयेत म्हणून. जो तो येऊन विचारायचा, कोण वारलं, आणि आप्पा माझ्याकडे बोट दाखवायचे, हिला विचार. मला दहा जणांपुढे तेच खोटं परत परत बोलावं लागलं.

मागचं वल्हं एका नव्या माणसाला दिलं होतं. तो बांबूच्या खुणेपाशी घाईत वळला, डोंगा आडवा झाला, आणि आम्ही शेवटून पहिले. आप्पांची टाच पायरीवर पडत होती, डोंगा काठाला लागल्यावरसुद्धा. मला ते बघवेना. मी चुंदडीकडे बघत बसले.

पुढे दहा दिवस त्यांनी सुतक पाळलं. दाढी नाही, गादी नाही, देवाला दिवा नाही. मी रोज कामावरून येताना डोकवायचे, तर चटईवर बसून बिनफोडणीचं वरण आणि भात खात असायचे. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण तब्येत सुधारू दे, मग सांगू, शिव्या खाऊ, असं म्हणत राहिले.

दिवाळीआधी एका दुपारी आप्पा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वल्हं न मारताही हृदय थांबायचं ते थांबलंच.

गावाकडून तेच चुलतभाऊ, माझे काका, मिळेल त्या गाडीने आले. त्यांना दारात बघून मी रडत रडत सगळं कबूल करायला लागले, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, आप्पांना त्याच दिवशी कळलं होतं. काकांच्या घरच्यांचं सांत्वन करायचं म्हणून आप्पांनी नाक्यावरच्या चहावाल्याला फोन लावून बोलायला सांगितलं, आणि फोन उचलला तो काकांनीच. मग आप्पांनी चहावाल्याच्याच तोंडून निरोप दिला, दहा दिवस सुरतेकडे फिरकू नको, पोरीची फजिती होईल.

"मग ते शर्यतीत बसले का नाहीत?" मी विचारलं.

"मी बी हाईच इचारं," काका म्हणाले. "ते म्हने, अंडेरनी सुतक सांगं, पाळनं पडी."

अंडेर म्हणजे लेक. लेकीने सांगितलंय, पाळावं लागेल.

लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी आईने मला न्हायला घातलं आणि सासरी पाठवलं. माझ्या खोट्याचं त्यांनी दहा दिवस पाळलं होतं.