आकडा बसेपर्यंत

नाना दुरुस्तीला आलेल्या वस्तूला पहिली पंधरा मिनिटं हातच लावत नसत. भोरच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या टीचभर दुकानात रेडिओ समोर ठेवायचा, चालू करायचा आणि मांडीवर हात ठेवून नुसतं बघत राहायचं. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की म्हणायचे, "बसू द्या जरा. आजारी माणूस दारातच समदं सांगतंय व्हय?" त्यांचं लहानपण वेल्ह्याच्या डोंगरात शेरडं राखण्यात गेलेलं; ही नजर तिथलीच असावी. मला मात्र तो निव्वळ वेळकाढूपणा वाटे.

मी शाळामास्तर, पण सुट्टीत सोल्डरिंगचा नाद. अर्धांगवायूनं आईची वाचा गेली तेव्हा तिच्यासाठी मी एक बोलकी पेटी केली. पाणी, भूक, दुखतंय आणि दार अशी चार बटणं, चारही एकाच तारेवर. बटण दाबलं की तारेतल्या विजेचं माप आकड्यात पेटीला कळे; प्रत्येक बटणाचा आकडा वेगळा, पाण्याचा सगळ्यात लहान, दाराचा सगळ्यात मोठा. आकडा ओळखून पेटी माझ्या आवाजात शब्द बोले. दाबायला मऊ जावं म्हणून जुन्या रिमोटचं रबर लावलं होतं.

मी दाबलं की पेटी अचूक बोलायची. आईपाशी मात्र घडीघडी ‘पाणी’. मी तारा बदलल्या, सोल्डर पुन्हा केलं, भाटघर धरणाकाठच्या आमच्या घरातल्या दमट हवेला बोल लावला. पेटी पाणी म्हणाली की मी तांब्या नेई आणि आई निमूट पिई, त्यामुळे तहान कुठली आणि बिघाड कुठला तेच कळेना. हळूहळू ती पेटीला हात लावेनाशी झाली. आमच्यातली उरलेली एकच वाट बुजत चालली होती, आणि मी मनातून पुरता घाबरलो होतो.

शेवटी पेटी नानांकडे नेली. दुकानात ती शहाण्यासारखी वागली. नाना म्हणाले, "हितं बिगडतच न्हाई, मास्तर. जितं बिगडतं तितं जाऊ."

नाना दुपारच्या एसटीनं आमच्या घरी आले. धरणाच्या पाण्यावर धुकट ऊन पसरलं होतं, घरात आवाज नव्हता. मी पेटी लॅपटॉपला जोडून तिचे आकडे पडद्यावर लावून दिले. नाना आईच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर वाटलं, तिघंही झोपेत आहोत. मग आईचा डावा अंगठा उठला, चौथ्या बटणावर टेकला आणि हळूहळू रबर दाबू लागला. पडद्यावरचा आकडा शून्यातून सावकाश वर निघाला. जेमतेम पाण्यापाशी पोचला तोच पेटी बोलली, ‘पाणी’. सवयीनं मी उठलो.

"बसा," नाना म्हणाले. "त्यांचं बोलणं अजून चाललंय. आकडा चढतोय, अन् तुमची पेटी आदीच बोलून मोकळी. त्यांना दार पायजे हाय."

मी बटण झटक्यात दाबायचो, म्हणून माझ्यापाशी पेटी चुकत नव्हती. इतके दिवस आई दार मागत होती आणि पोरगं एवढं घेऊन आलंय म्हणून पाणी पीत होती.

प्रोग्रॅममध्ये चारच ओळी वाढवल्या. आकडा हलायचा थांबेपर्यंत पेटीनं गप्प राहायचं. आईनं पुन्हा दाबलं. अंगठा पूर्ण दबला, आकडा थांबला, आणि पेटी म्हणाली, ‘दार’. मी दार उघडलं. समोर सगळं पाणी. आई ते अंधार पडेपर्यंत बघत होती, आणि नाना शेवटची एसटी चुकवून तिच्यासोबत बसले.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. आईला सांगितलं. तिनं पेटी जवळ ओढली, चारही बटणांवरून अंगठा फिरवला. त्यातला एकही शब्द कामाचा नव्हता. पूर्वी मी लगेच विचारलं असतं, काय हवंय, पाणी देऊ का. या वेळी काहीच विचारलं नाही. खाली बसलो आणि तिचा अंगठा थांबेपर्यंत थांबलो. मग तिनं पेटी बाजूला सारली आणि माझा हात धरला.