अंघोळ झाल्याशिवाय चहा नाही

ट्रेकहून परत आले की लोक विचारतात, बर्फ लागला का, थंडी किती होती, फोटो दाखव. मनात मात्र प्रत्येकाच्या एकच प्रश्न असतो की, इतके दिवस हिने अंघोळीचं काय केलं? तोंडावर कुणी विचारत नाही. पण सोमवारी मोहालीच्या ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची जराशी लांब सरकलेली असते. मला याचा फार राग येतो, कारण डोंगरातसुद्धा मी त्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा स्वच्छ असते.

चंदीगडला नोकरी लागली आणि मला हे वेड लागलं. सेक्टर २२मध्ये गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. शुक्रवारी ऑफिस सुटलं की पाठीवर सॅक टाकून बसमध्ये बसायचं, सकाळी डोळे उघडतात ते हिमाचलमध्ये. माझे केस कमरेपर्यंत. पहिल्या ट्रेकच्या वेळी सगळ्यांनी ते कापायचा सल्ला दिला, म्हणून मी ते कापले नाहीत. त्याऐवजी एक पद्धत बसवली. स्वयंपाकाच्या तंबूतून मगभर गरम पाणी मागून आणायचं, त्यात छोटा नॅपकिन बुडवून पिळायचा आणि अंग पुसायचं. आधी चेहरा आणि मान, मग काखा, मग खालचं अंग, पाय सगळ्यात शेवटी. हा क्रम बदलायचा नाही. साबण नाही. ओढ्यात साबण लावणारा दिसला तर त्याला मी ओढ्यातच उभा करीन. झोपायचे कपडे वेगळे, दिवसा त्यांना हात लावायचा नाही. केसांची घट्ट वेणी, वर सुती रुमाल, आणि तेलाचा एक थेंब नाही, कारण तेलकट डोक्यावर वाटेवरची सगळी धूळ मुक्कामाला येते.

ही सगळी हुशारी आई चंदीगडला आली आणि गळून पडली.

आई साताऱ्याची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघ्यांचं ऑपरेशन आता फार लांबवता येणार नाही, आणि त्यानंतर डोंगर चढणं वगैरे विसरा. दुसरी कुणी असती तर खचली असती. आईने मला फोन केला. "तुझ्या तिकडं मला झेपेल असा एखादा डोंगर आहे का गं? एकदाच वर उभं राहून बर्फाचे डोंगर बघायचेत. टीव्हीवर नाही, माझ्या डोळ्यांनी."

मी त्याच आठवड्यात आमची नावं नोंदवली. खिंडीपर्यंतचा सोपा ट्रेक, सामान खेचरांवर, चालायला भरपूर वेळ. तयारी सगळी केली, फक्त एका गोष्टीकडे कानाडोळा केला. आई अंघोळ झाल्याशिवाय चहाचा घोटही घेत नाही. लग्नघर असो, परगाव असो, पाणी बर्फासारखं असो, सगळ्यांच्या आधी उठून बाथरूम अडवणारी बाई म्हणजे आमची आई. डोंगरात गेल्यावर हे आपोआप सुटेल, असं मी धरून चालले होते.

चंदीगड मात्र तिला पहिल्याच रविवारी आवडलं. आमचे घरमालक सरदारजी रविवारी दह्याने केस धुतात आणि गच्चीवर खुर्ची टाकून ते उन्हात वाळवत बसतात. पाठीवर मोकळे पांढरे केस, हातात कंगवा. आई कितीतरी वेळ कौतुकाने बघत राहिली. "पुरुषमाणूस असून केसांचं किती निगुतीने करतात बघ. नाहीतर तू."

आम्ही निघायच्या दिवशी सकाळी सरदारजींना ट्रेकचं कळलं, तेव्हा त्यांनी तिला सल्ला दिला, "माताजी, बाल ऊपर बांधो, कपडा कस के लपेटो. मिट्टी अंदर जाएगी ही नहीं." आईने मान डोलावली. त्याच संध्याकाळी मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असताना माझ्या टाळूवर काहीतरी गार पडलं. खोबरेल तेल! सायबासमोर ओरडताही येईना. मीटिंग संपेपर्यंत आईने माझं अख्खं डोकं चोपडून वेणी घातली होती. स्वतःचं तर आधीच झालं होतं.

"आई! मी सांगितलं होतं ना, तेल नाही म्हणून?"

"प्रवासाला कोरड्या डोक्याने जातात का कधी?"

आता धुवायलाही वेळ नव्हता, बस पकडायची होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दिवसभर खेचरांच्या मागून चाललो. तळावर पोचून रुमाल सोडले तेव्हा दोघींचे केस पायपुसण्यासारखे झाले होते. मी तणतणत होते. आईने शांतपणे तिच्या पिशवीतून बेसन काढलं. तंबूत पिठलं करायचं म्हणून आणलं होतं म्हणे. ते आम्ही एकमेकींच्या डोक्यात कोरडंच चोळलं, तेल पिठाने ओढून घेतलं, आणि मग कंगव्याने झाडत बसलो. केस खरोखर मोकळे झाले. आता फोडणीच तेवढी राहिली, असं आई म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की स्वयंपाकी डोकावून गेला.

हसणं सकाळपर्यंतच टिकलं. तंबूवर पांढरं दव गोठलेलं, बाटलीतलं पाणी गोठून दगड झालेलं. आई टॉवेल घेऊन बाहेर उभी. मी मगभर गरम पाणी आणून दिलं.

"हे दात घासायला झालं. अंघोळीचं कुठंय?"

"हेच अंघोळीचं, आई."

तिने दात घासले, चूळ भरली आणि चहा नको म्हणाली. उपमाही नको. भूकच नाही म्हणे. मी खूप मागे लागले, मग चिडून सोडून दिलं. चढावर अर्ध्या वाटेत ती एका दगडावर बसली. ओठ पांढरे, हात थरथरत होते. आमचा गाईड चंब्याकडचा, एरवी हसतमुख. त्याने तिची काठी धरून तिला कसंबसं पुढच्या तळावर आणलं. तिथे उन्हात तिने ओढ्याचं पाणी अंगावर घेतलं, दातावर दात आपटत राहिले, आणि मग कुठे ती जेवली.

गाईड मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, कल अंधेरे में निकलना है. माताजी खाली पेट होंगी तो मैं ऊपर नहीं ले जाऊंगा. और ठंडे पानी से नहाना बिलकुल नहीं." त्याचं काही चुकत नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी आईवर तुटून पडले. "एवढी ऑपरेशनच्या आधी म्हणून आलीस, आणि एका बादलीसाठी खिंडीच्या पायथ्याशी बसून राहणार? इतका कसला हट्ट?"

आई माझ्यावर चिडली नाही. "हट्ट नाही गं," ती म्हणाली. "मला गिळवत नाही. घास तोंडात घेतला की घशातून उतरतच नाही. मी मुद्दाम करते का? मलाही वर जायचंय."

मी इतकी वर्षं तो हट्टच समजत होते. खरं सांगते, माझी मलाच लाज वाटली, आणि तिची कीवही आली. तिलाही बिचारीला काही सुचत नव्हतं.

सकाळी अंधारातच मी स्वयंपाक्याकडे जाऊन एक सोडून दोन मग कढत पाणी आणलं. तंबूची चेन लावली, डोक्याला बॅटरी बांधली आणि आईला म्हटलं, "बस. आज मी घालते तुला अंघोळ."

"मला येतं की."

"तुला येत नाही. तू पायांपासून सुरुवात करशील."

ती हसली आणि बसली. मी तिचा चेहरा पुसला, मान पुसली. स्वेटर थोडा थोडा वर करत हात पुसले, काखा पुसल्या, पुसला भाग लगेच झाकत गेले. मग तिची पाठ. आईची पाठ मी त्याआधी कधी नीट पाहिलीच नव्हती. खांद्यांची हाडं वर आलेली, कातडी मऊ आणि सैल, मधोमध ब्राच्या हुकांचे वळ. घरात ती सतत हलत असते, त्यामुळे ती एवढीशी आहे हे लक्षातच येत नाही. मला एकदम भरून आलं. मी नॅपकिन पुन्हा गरम पाण्यात बुडवला आणि पाठीवर नुसता धरून ठेवला.

आईने डोळे मिटले. रोज पहिला तांब्या अंगावर घेताना ती नद्यांची नावं घेते. ती तिने आता ओठातल्या ओठात घ्यायला सुरुवात केली. गंगा झाली, यमुना झाली, गोदावरी, कृष्णा झाली. जराशी थांबली आणि म्हणाली, "खालून वाहते ती कुठली गं?"

"रावी."

"रावी," तिने जोडून टाकलं. मी तिचे पाय पुसले, कोरडे केले, मोजे चढवले. तिने डोळे उघडले.

"झाली अंघोळ. चहा आण."

चहा तिने दोनदा घेतला. शिरा इतका खाल्ला की स्वयंपाकी खूश झाला. चढताना गुडघ्यांनी तिला छळलंच. दर वळणावर ती थांबायची, काठीवर दोन्ही हात ठेवून श्वास घ्यायची आणि पुन्हा निघायची. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि समोर बर्फाच्या डोंगरांची रांगच्या रांग उघडी पडली होती. "अगं बाई," एवढंच आई म्हणाली. मी फोटो काढायला फोन वर केला तर हातानेच थांब म्हणाली. तिला आधी बघून घ्यायचं होतं.

संध्याकाळी तळावर परतल्यावर मी नेहमीसारखा माझा मग आणि नॅपकिन घेऊन बसले. चेहरा झाला, मान झाली. आई आडवी पडून बघत होती.

"आणि पाठ?" तिने विचारलं.

"पाठीपर्यंत हात पोचत नाही. ती राहते तशीच."

"इतकी वर्षं?"

आई गुडघ्यांवर हात टेकत उठून बसली, माझ्या हातातून नॅपकिन घेतला आणि म्हणाली, "वळ." माझा शर्ट वर सारून तिने पाठ घासायला सुरुवात केली, लहानपणी घासायची तशीच, सालं काढल्यासारखी. मी एकदा "हळू" म्हणाले. तिने ऐकलं नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.