मेंदूतली आखणी

आमच्या पेणमध्ये गणपतीचे डोळे आखणारा माणूस श्वास धरतो. ब्रश टेकवण्याआधी छातीभर हवा घ्यायची आणि बुबुळ पुरं होईपर्यंत सोडायची नाही. वडिलांनी मला तसंच शिकवलं. आखणी चालू असताना कोणी तोंड उघडलं, तर मी ब्रश फेकून मारतो. आमच्या मूर्तींच्या कारखान्यातली सगळी माणसं मला बिचकून असतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

म्हणूनच मांडीवर ठेवलेला उजवा हात आपोआप थरथरायला लागला, तेव्हा मी तो खिशात घालून हिंडलो. पण बायकोपासून काय लपणार?

“अवो, रोज बशीत चाय सांडतेय. हाताला काय झालाय, सांगाल का नाय?”

थोरल्या भावाच्याही ध्यानात आलं. मोठ्या मूर्तीचे डोळे यंदा दुसऱ्या कोणाला देऊ, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. त्या गोड आवाजानेच मी घाबरलो. डोळे गेले तर कारखान्यात मी उरतो कोण? माती मळणारा!

डॉक्टर म्हणाले, कंपवात असेल किंवा वेगळा कंप असेल, मेंदूचं एक खास चित्र काढून बघू. ते चित्र ज्या केंद्रात निघतं, तिथेच माझी भाची कामाला आहे. पोरगी रोह्याची. तिच्या वडिलांचा जन्म धाटावच्या कंपनीत शिफ्ट करण्यात गेला, आणि ही रसायनशास्त्र शिकून मुंबईत मेंदूत उजेड पाडायचं औषध बनवते. रविवारी ती रोह्याहून आली. गाडीने वाटेतलं कासू स्टेशन सोडलं की फोन करायचा आणि मामीने चहा टाकायचा, ही तिची जुनी रीत.

“मामा, साध्या स्कॅनमध्ये मेंदू दिसतो कसा ते कळतं,” ती म्हणाली. “आमच्या स्कॅनमध्ये तो करतो काय ते कळतं. हात चालवणारं रसायन मेंदूत जिथे तयार होतं, तिथे जाऊन आमचं औषध चमकतं. पण ते बनवल्यापासूनच विझायला लागतं, दर दोन तासांनी जवळपास अर्धं. म्हणून सकाळी बनवायचं आणि लगेच टोचायचं.”

“रातचे हे चमकनार नाय ना गो?” बायकोने विचारलं. भाचीला हसू आवरेना.

स्कॅनच्या दिवशी मला यंत्राच्या भोकात सरकवलं आणि सांगितलं, अजिबात हलू नका. मला हलायचं नसतं तेव्हा मी काय करतो? श्वास धरला. सुटला की पुन्हा धरला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, कुठेतरी काहीतरी टुकटुक वाजलं आणि स्पीकरमधून भाची ओरडली, “मामा, श्वास घ्या! डोकं हलवायचं नाही, एवढंच सांगितलंय!” माझ्यावर असं कोणी ओरडायची ही पहिलीच वेळ. फेकायला हातात ब्रशही नव्हता.

काही दिवसांनी डॉक्टरांनी चित्र दाखवलं आणि मी खुर्चीतून उठलोच. काळ्या पडद्यावर दोन लख्ख डोळे! शेपटी ओढलेले, अगदी आखणीतले. माझ्या डोक्यात! मग दिसलं की डाव्या डोळ्याची शेपटी पुसली होती, नुसता टिपका राहिला होता.

“बिघाड डावीकडे आहे,” मी खूश होऊन म्हणालो, “म्हणजे उजवा हात सुटला!”

“मामा,” भाची हळूच म्हणाली, “उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूने चालतो.”

कंपवातच होता. पण खोटं कशाला बोलू, दुःखापेक्षा कुतूहल मोठं होतं. इतके दिवस ज्याला भूत समजून खिशात कोंबत होतो, त्याचा पत्ता सापडला होता. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती.

“ते औषध मेंदूपर्यंत पोचतं का, हे नुसत्या अंदाजावर सोडायचं नाही, डोळ्यांनी बघायचं,” परतताना भाची म्हणाली. “पंगतीत पाट मांडलेत असं समजा. उजेडवालं औषध एकटं आलं, तर पाटांवर बसतं आणि चित्र लख्ख निघतं. पण नवं औषध आधीच जाऊन बसलं असेल, तर उजेडाला जागा उरत नाही. चित्र काळं पडलं की आम्ही टाळ्या वाजवतो!”

काळोख झाला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला त्या पंगतीत बसायचंच होतं. ती म्हणाली, मी भाची आहे, यात मी एक शब्द बोलणार नाही. डॉक्टर सगळं समजावतील, मग तुम्ही ठरवा. मी तर वाटेतच ठरवून टाकलं होतं.

मग मोठ्या मूर्तीची आखणी आली. भावाला म्हटलं, एकदा मला करून बघू दे. तो बाजूला झाला. भाची रोह्याहून मुद्दाम आली होती, बायकोशेजारी उभी होती. मी ब्रश उचलला, छाती भरली, श्वास धरला. हात अधिकच थरथरला. ब्रशचं टोक मूर्तीच्या पापणीसमोर नाचायला लागलं. भावाने मान फिरवली.

“श्वास घ्या, मामा.”

आखणी चालू असताना कोणीतरी बोललं होतं. सगळ्यांची नजर माझ्या हातातल्या ब्रशवर.

मी श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. हात हळूहळू निवला. येत्या-जात्या श्वासावर मी रेघ ओढली, शेपटीपर्यंत. एक डोळा उघडला.

ब्रश फेकला नाही. रंगात बुडवला आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळलो.