दाजींनी मला विडा दिला नाही

दाजी सकाळी उठले की देवघराकडे जायच्या आधी परसात जात, गुडघ्यांवर बसत आणि मधमाश्यांच्या लाकडी पेट्यांना एकेक करून कान लावत. बोटाने हलकी टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. "आत धुसफूस हाय का, ते कानाला कळतं, पावणं," ते मला सांगायचे. "पेटीचं बी आन् बायकोचं बी. उघडून बघायची पाळी आली म्हंजे उशीर झाला."

आतून आक्का ओरडायची, "मला कधी लावला व्हता कान?"

आक्का माझी थोरली बहीण आणि सोपानदाजी तिचे यजमान. लग्नानंतर ते आमच्याच गावात, आळ्याला येऊन राहिले. घरजावई म्हणून लोक हसले, तर म्हणाले, "जिथं पाणी तिथं बी टाकावं." माझ्या रानाला लागूनच त्यांचं रान. मी हायस्कुलात कारकून. माझ्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे एकदा हेडमास्तरांच्या खुर्चीवर बसून पाहिलं, तेही दिवाळीच्या सुट्टीत. त्यामुळे दाजींचे उद्योग मी कुंपणावरून बघायचो आणि घरी येऊन बायकोला सांगायचो, "बुडणार बघ."

नव्वद सालानंतर त्यांनी लोकरीसाठी पांढरे ससे पाळले. शिवारात ऊस वाढला होता आणि उसात बिबटे. एका पहाटे पिंजऱ्याची जाळी वाकलेली आणि सगळीकडे पांढरी लोकर. गावाने नाव ठेवलं, 'बिबट्याची खानावळ'. दाजी तासभर त्या लोकरीत बसून राहिले आणि मग म्हणाले, "माल चांगला व्हता. गिऱ्हाईक चुकलं."

आक्का मात्र हसली नाही. मधमाश्यांचा विषय निघाला तेव्हा तिने त्यांना भैरवनाथासमोर नेलं आणि वदवून घेतलं, की हा शेवटचा उद्योग. हा गेला तर दुसऱ्याच्या बांधावर कामाला जायचं आणि पुन्हा धंद्याचं नाव काढायचं नाही. दाजींनी मान डोलावली. देवळातून बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "पावणं, आता हे जगलंच पायजे. रोजानं काम करायला लाज न्हाई वाटत मला. पन सकाळी उठून दुसऱ्यानं सांगितल्यालं करायचं, म्हंजे मानूस मेल्यावानीच की."

घाटघरच्या रानात त्यांचा एक जुना सोबती होता, लक्ष्मण. त्याच्याबरोबर झाडांच्या ढोलीतली सातेरी जातीची मधमाशी पकडून आणायला त्यांना चार वर्षं लागली. चाळीस पेट्या झाल्या. मग ते बियाण्याचा कांदा करणाऱ्यांकडे गेले. कांद्याच्या गोंड्यात माशी फिरली की बी चांगलं भरतं, पेट्या भाड्याने घ्या, म्हणाले. लोक खदाखदा हसले. एक जण म्हणाला, "माशा आमच्या गोठ्यात फुकट हायेत, दाजी! न्या दोन पोती." दाजी शांतपणे म्हणाले, "बैल भाड्यानं आणतोस ना? मग ह्यो बारका बैल समज." त्याने हसत हसत दोन पेट्या ठेवून घेतल्या आणि त्याचं बी इतकं भरलं, की पुढच्या वर्षी पेट्यांसाठी तो दारात येऊन बसला. "धंदा दिसत न्हाई तोवरच आपला असतो," दाजी म्हणायचे. "दिसला की जत्रा."

भीती एकच होती, औषधाची. फुलावरच्या पिकावर फवारा मारला की माशी गेलीच. फवारणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे संध्याकाळी माश्या परतल्यावर मी पेट्यांची दारं लावून घेतो, एवढीच त्यांची अट होती. पण अट विसरायला वेळ लागत नाही. म्हणून माघ लागला की दाजी धुतलेला सदरा घालून शिवारातल्या प्रत्येकाच्या दारी जायचे आणि हातावर पानाचा विडा ठेवायचे. विडा घेतला म्हणजे शब्द दिला. विडा खाऊन शब्द मोडायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती.

मला मात्र त्यांनी कधी विडा दिला नाही. घरच्या माणसाला विडा देणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटायचं. आणि मला वाटायचं, सगळ्या गावाला मान आणि सख्ख्या मेहुण्याला कुणी मोजतच नाही. एका माघात ते माझ्या दारावरून पुढच्या घरी गेले. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर उघडा होता. मनात म्हटलं, ठीक आहे, आपणही कुणाला काही सांगायला बांधील नाही.

धण्यांसाठी राखलेली माझी कोथिंबीर फुलावर होती आणि तिच्यावर माव्याची कीड पडली होती. रविवारी सकाळी नऊला मी पाठीवर पंप घेतला. फुलं माश्यांनी गजबजलेली मला दिसत होती. खोटं कशाला बोलू? मी थांबलो. मग वाटलं, चार माश्या गेल्या तर काय होतंय? आणि दांडा हापसायला लागलो.

दुपारी आक्काची हाक आली. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. परसात पाय ठेवायला जागा नव्हती. माश्या जमिनीवर गोल गोल फिरत होत्या, कित्येकींच्या जिभा बाहेर आलेल्या. दाजी एकेक चिमटीत धरून सुपात ठेवत होते, जणू कुणीतरी त्या पुन्हा जागेवर लावून देणार होतं. मधेच पेटीला कान लावायचे, टिचकी मारायचे, पुन्हा मारायचे. मग त्यांनी मान वर केली. माझ्या खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचा ओला वळ होता.

"तुमी?" ते म्हणाले.

 आक्का माझ्या अंगावर धावली, "अरे, घरचा ना रं तू?" दाजींनी तिला हाताने थांबवलं. "त्याला सांगायचं माझं राहिलं," एवढंच म्हणाले.

चाळीसातल्या सहा पेट्या जगल्या. दाजींनी त्या जीपने घाटघरला नेल्या. तिथे फवारा नव्हता. मीही बरोबर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. पंधरा दिवसांनी लक्ष्मणचा निरोप आला: माश्या उठून गेल्या, पेट्या मोकळ्या. त्या परत आणून परसात मांडत दाजी म्हणाले, "जाऊ द्या. कारवी फुलू द्या. डोंगरात कारवी फुलली की माशी वाढती, तवा पुन्यांदा धरू." कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या वेळी तिला तीन वर्षं बाकी होती.

दाजींनी देवापुढचा शब्द पाळला. ते नारायणगावच्या एका रोपवाटिकेत कामाला जाऊ लागले. दुसऱ्याने सांगितलेलं करू लागले. त्यानंतरच्या पहिल्या माघात ते धुतलेला सदरा घालून माझ्या दारात आले आणि माझ्या हातावर विडा ठेवला. परसात एकही माशी नव्हती. "धंद्यात घरचं-भायेरचं करू ने, पावणं," म्हणाले. "मी तुमाला लई जवळचं धरलं, तितंच चुकलं." मला तो विडा गिळवेना.

कारवी फुलायच्या आदल्या वर्षी, रोपांना पाणी घालता घालता दाजी कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

मी अजून कोथिंबीर करतो. फवारायच्या आदल्या संध्याकाळी एक विडा घेऊन आक्काकडे जातो. पहिल्या वेळी ती म्हणाली, "आता कुणासाठी रं?" आता विडा घेते, पदराच्या गाठीला बांधते, परसात जाते आणि चाळीस रिकाम्या पेट्यांची दारं एकेक करून लावून घेते.