डोळ्यांदेखत

आल्मीडा क्रॉलीला गावातली लाडकी बाई कुणी म्हटलं नसतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. बावीस वर्षं ती हॅस्केल्स लँडिंगच्या खाजणावर वॉर्डन होती. ओहोटी लागली की माणसं चिखलात कंबरेतून वाकून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायची आणि ही रबरी बूट घालून, दोन इंचांचं पितळी कडं हातात घेऊन त्यांच्या टोपल्या तपासत हिंडायची. कड्यातून निसटली ती बारकी. बारकी तिसरी परत चिखलात, आणि टोपलीत अशा फार निघाल्या तर माणसाचं नाव वहीत. त्या वहीत पाद्रीबाबांच्या मेव्हण्याचं नाव चढलं, शेरीफच्या पुतण्याचं चढलं, आणि एका मार्चमध्ये तिच्या पोटच्या पोराचं, ऑरिनचंही चढलं.

ऑरिन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बायकोला सातवा महिना. टोपलीत निम्मा माल बारका.

"आई, तू पाहिलंच नाहीस असं म्हण," तो खालच्या आवाजात म्हणाला होता. आजूबाजूला आठ-दहा जण वाकून काम करत होते, पण कान सगळ्यांचे इकडेच.

"पाहिलंय मी," ती म्हणाली आणि तिने वही उघडली.

हंगामभरासाठी परवाना गेला. ऑरिन पोटासाठी पोर्टलंडला मासळीच्या कारखान्यात गेला, आणि त्याची मुलगी जन्मली तेव्हा तो तिथे माशांची डोकी उडवत उभा होता. परत आला तो आईशी अबोला धरूनच. एकोणीस वर्षं झाली त्याला. गाव ते केवढं! पोस्टात, दुकानात, चर्चच्या पायरीवर मायलेक समोरासमोर यायचे. तो मान हलवायचा, ती हलवायची, आणि दोघं आपापल्या वाटेने जायचे. नवरा गेला तेव्हाही ऑरिनने शवपेटीला खांदा दिला, आईला शब्द दिला नाही.

यंदाच्या वसंतात राजधानी ऑगस्टा शहरातल्या मेन राज्याच्या विधानसभेने दोन कायदे केले. पहिल्याने खाजणांवरचा गावांचा हक्क काढून राज्याकडे नेला. दुसऱ्याने राज्याला ती खाजणं तीस-तीस वर्षांच्या कराराने कंपन्यांना देण्याची मोकळीक दिली. म्हणजे ज्या चिखलात पणजोबापासून गुडघे रुतवले, तिथे उद्या दोऱ्या लागणार आणि पाट्या लागणार. मेन राज्यात यावर एक उपाय आहे. अधिवेशन संपल्यापासून नव्वद दिवसांत पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा करून दिल्या, तर कायदा थांबतो आणि लोकांच्या मताला टाकावा लागतो. लोकांनी 'नको' म्हटलं की संपला.

सह्यांचे कागद गावात आले तेव्हा ते घ्यायला पहिली पुढे झाली ती आल्मीडा. वय त्र्याहत्तर, एक खुबा अधू. माणसं हसली.

"वॉर्डनबाई, सहीपण दोन इंचांची हवी का हो?" दुकानाच्या ओट्यावरून कुणीतरी टोमणा मारला.

"तुझी नीट वाचता आली तरी पुरे," ती म्हणाली. "शाळेत असताना तुझं नाव तुलाच लागायचं नाही."

सह्या मात्र मिळत गेल्या. चर्चच्या बीन्सच्या जेवणाला, धक्क्यावर, कचरा टाकायच्या जागेवर. शनिवारी सगळं गाव तिथे भेटतं. ऑगस्टच्या शेवटी खुब्याने दगा दिला. पाऊल टाकणं अवघड होऊ लागलं. तेव्हा तिने गावात कुणीही केलं असतं तेच केलं. तिच्या वाटेच्या तोंडाशी फळ्यांची एक टपरी होती. तिथे ती अंडी ठेवायची, ब्लूबेरीच्या मुरांब्याच्या बरण्या ठेवायची आणि शेजारी पैशांचा डबा. बसायला कुणी नाही, कुलूप नाही. त्या किनाऱ्यावर प्रत्येक दुसऱ्या घरापुढे अशी टपरी असते आणि तीस वर्षांत तिचं एक अंडंही हिशेबाबाहेर गेलं नव्हतं. तिने सह्यांचा कागद अडकवलेली फळी तिथे टांगली, पेन सुतळीने बांधलं आणि जाऊन अंथरुणावर पडली; पुढचे चार दिवस तिला जिना उतरवेना. चिखलात ज्या बाईने सख्ख्या मुलावर विश्वास ठेवला नाही, ती टपरीवर मात्र अख्ख्या गावावर विसंबली.

पाचव्या दिवशी काठी टेकत ती खाली गेली. फळीवर एक्केचाळीस सह्या होत्या. ती एकेक अक्षर ओळखत होती; बावीस वर्षं याच माणसांनी तिच्या वहीतल्या नोंदींखाली सह्या केल्या होत्या. सतराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ऑरिन क्रॉली. सुरुवातीचा 'ओ' पहिलीत काढायचा तसाच, अर्धवट उघडा. म्हणजे तो तिच्या दाराशी येऊन गेला होता. कदाचित दोन मिनिटं इथेच उभा असेल, या गवतात. म्हातारी तिथेच टपरीला टेकून बराच वेळ रडली. नंतर स्वतःवरच चिडली आणि अंडी मोजायला लागली.

बुधवारी ती सगळे कागद घेऊन नगर कचेरीत गेली. तिथली कारकून पर्लीन हॅन्सकम तिची जुनी मैत्रीण. शपथ देण्याचा अधिकारही तिचाच. पर्लीनने कागद उलटा केला, चष्मा लावला आणि तळाची बारीक ओळ वाचली.

"'यातली प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत झाली, असं मी शपथेवर सांगते.' हं, हात वर कर."

आल्मीडाचा हात अर्ध्यावरच थांबला. "हे कुठे लिहिलंय?"

"मागे. नेहमी मागेच लिहितात असलं. का गं?"

आल्मीडाने टपरीचं सांगितलं. पर्लीनने दाराकडे पाहिलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

"सह्या खऱ्या आहेत ना?"

"शंभर टक्के."

"अक्षरं ओळखतेस ना?"

"झोपेत ओळखीन."

"मग अडून काय बसतेस? हो म्हण. तुला कोण विचारणार आहे? राजधानीतली माणसं कधी इकडे आली आहेत का? आणि एकेका सहीसाठी राज्यभर मारामारी चाललीये, आल्मीडा. एक्केचाळीस म्हणजे थट्टा नाही."

"पर्लीन, मी पाहिलं नाही."

"अगं, पण..."

"न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं, तर मग त्या पोराचं नाव तरी का घातलं मी वहीत?"

कुठल्या पोराचं, ते पर्लीनला विचारायची गरज नव्हती. मग तिने कोरा कागद काढून पुढे सरकवला. "शुक्रवारी पाचला मी दार लावते. त्याच्या आत आण."

म्हणजे हाती राहिले दोन दिवस. आणि एक्केचाळीस माणसांकडे पुन्हा जाऊन, चूक माझी झाली, असं सांगायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या बाईला हे किती जड गेलं असेल, ते ज्याचं त्याने समजावं. पण खरा जड एकच होता. बाकीच्या चाळीसांकडे ती जाऊ शकत होती.

बुधवारच्या संध्याकाळपर्यंत तिने दारोदार फिरून बावीस सह्या मिळवल्या. एक इस्पितळात होता, दोघे खोल समुद्रावर गेलेले. एकाने तोंडावर दार लावलं, "एकदा केली ना? तुमच्या नियमांचा कंटाळा आलाय," म्हणाला. उरलेले पंधरा तिसऱ्या काढणारे. त्यांना गाठायचं तर ओहोटीला, खाजणातच.

गुरुवारी साडेनऊला पाणी सगळ्यात खाली होतं. आल्मीडाने अकरा वर्षांनी रबरी बूट चढवले. फळी पावाच्या पिशवीत गुंडाळली, हात धुवायला बादलीभर गोडं पाणी आणि टॉवेल घेतला आणि धुक्यात उतरली. दर पावलाला चिखल बूट ओढून धरत होता. चार पावलं की एक दम.

"पळा रे, वॉर्डनबाई आली!" कुणीतरी ओरडलं. "कडं आणलंय का बघा!"

"बादली आणलीये," ती म्हणाली. "आधी हात धुवा. कागदाला चिखल लागला तर एकेकाच्या कानाखाली वाजवीन."

ती हसली नाही, पण ते हसले. एकेक जण येऊन हात धुऊन, टॉवेलला पुसून सही करून गेला. प्रत्येकाला ती म्हणत होती, "चूक माझी होती. मी समोर असायला हवं होतं." तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर हसणं थांबलं. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली. चौदा झाल्या.

पंधरावा दूर टोकाच्या पट्ट्यावर एकटाच वाकला होता. पाणी वळायला लागलं होतं. अर्ध्या वाटेवर खुबा असा चमकला की ती बादलीवर टेकून उभी राहिली. ऑरिन मान वर करून बघत होता. तो आला नाही, पण त्याने काम थांबवलं. ती उरलेली वाट चालली.

"मी केलीये सही," तो म्हणाला. एकोणीस वर्षांतले पहिले शब्द.

"माहितेय. सतराव्या ओळीवर."

"मग?"

"मी पाहिली नाही रे. शपथ घ्यायची असते, डोळ्यांदेखत झाली म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते. इतक्या जवळून तिला ते आजच दिसत होते.

"पर्लीन काय म्हणाली?"

"म्हणाली, पाहिली असं म्हण."

"आणि तू नाही म्हणालीस."

"नाही म्हणाले."

ऑरिनने हातातला, तिसऱ्या उकरायचा दातेरी पंजा चिखलात रोवला. पाण्याची पहिली पातळ रेघ त्यांच्या बुटांपर्यंत आली होती. "त्या दिवशी मला वाटलं होतं, तुला फक्त माझ्याशीच इतकं कठोर होता येतं," तो म्हणाला.

तिला बोलायचं बरंच होतं: पोरीच्या जन्माच्या दिवशी ती फोनपाशी बसून होती, दर मार्चला ती वही उघडून तेच पान वाचायची. पण तोंडून एवढंच आलं, "वाईट वाटलं होतं मला. अजून वाटतं. पण पाहिलं होतं रे मी."

"ठाऊक आहे मला. निम्म्या बारक्याच होत्या," ऑरिन म्हणाला. मग तो बादलीशी बसला, हात धुतले, नखांतला चिखलसुद्धा काढला. फळी घेऊन त्याने पेन टेकवलं आणि थांबला.

"बघतेस ना?"

"बघतेय."

तो सावकाश लिहीत होता, अर्धवट उघडा 'ओ' आणि पुढचं सगळं. तिने पापणीही हलवली नाही. जाताना बादली त्याने उचलली आणि दुसऱ्या हाताने तिचा दंड धरून तिला किनाऱ्यापर्यंत आणलं. मागे बाकीचे चौदा जण कंबर सरळ करून बघत होते.

शुक्रवारी पावणेपाचला आल्मीडाने हात पूर्ण वर केला. एक्केचाळीसांपैकी सदतीस. राज्यभराच्या मोजणीत सह्या पुरल्या, कशाबशा, आणि दोन्ही कायदे थांबले. मतदान पुढच्या नोव्हेंबरात आहे, आणि लोक काय म्हणतील ते आज कुणी सांगू शकत नाही. टपरीवरचा तो बाद कागद तिने जुन्या वहीत, मार्चच्या त्या पानाशी ठेवला आहे.

रविवारी चर्चहून परतताना तिला टपरीवर, अंड्यांशेजारी, ओल्या पोत्याखाली झाकलेली टोपली दिसली. चिठ्ठी नव्हती. पोतं उचललं तर ताज्या तिसऱ्या. तिने घरात जाऊन खिळ्यावरचं पितळी कडं आणलं, कारण सवय सुटत नाही, आणि एकेक लावून पाहिली. सगळ्या चोख होत्या. फक्त सगळ्यात वर, मधोमध ठेवलेली एक तेवढी कड्यातून निसटून तिच्या तळहातावर पडली. ही मुद्दाम ठेवलेली होती.

म्हातारी एकटीच मोठ्याने हसली. मग रविवारच्या चांगल्या कपड्यांवरच बूट चढवून, काठी टेकत ती खाजणाकडे निघाली, ती बारकी तिसरी परत चिखलात ठेवायला.