वर येताना थांबणारा माणूस

पाण्यात उतरण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ कानाला लावायचे. टिकटिक ऐकली की म्हणायचे, "चाला, हे जित्तं हाय. आता आपून पाहू."

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मूळचे वऱ्हाडातल्या मेडशीचे, जिथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. तुम्ही विचाराल, मेडशीचा माणूस नौदलात पाणबुड्या कसा झाला? मीही विचारलं होतं. "विहिरीतल्या बादल्या काढू काढू," एवढंच म्हणाले. सत्तरच्या दशकात, ती नोकरी संपल्यावर, ते दूर एका बंदरात ठेकेदाराकडे लागले. तिथे नौदलाचं एक जहाज वीस पुरुष, म्हणजे सव्वाशेएक फूट खोल बुडून पडलं होतं. भाऊंनी खाली जाऊन त्याचे फोटो काढायचे. ते पाहून जहाज उचलायचं की नाही, हे ठरणार. वर त्यांचा दोर धरायला भरवशाचा माणूस हवा होता. मी शेजारच्या जऊळक्याचा, आठवीतून शाळा सोडून घरी बसलेला. भाऊ म्हणाले, "पाहू, तुले जमते का."

परीक्षा मेडशीच्या विहिरीवर झाली. कॅमेऱ्यासाठी त्यांनी पितळी डबा बनवला होता, त्यात पाणी शिरतं का तेही बघायचं होतं. आधी मला समजावलं, "लय खोलातून एकदम वर आलं तं रगतात बुडबुडे होतेत, मानूस लुळा पडते. म्हनून मी मंधात थांबतो. तू दोर नुसता धरजो, वढजो नोको. वर याचं असलं तं मी तीन झटके देईन."

पाठीवर हवेची टाकी बांधून ते उतरले. येताना मधेच थांबले. पाण्यावर बुडबुडे येत राहिले. आता आमच्याकडे विहिरीतून बुडबुडे आले की एकच समजतात, माणूस चालला! काठावर सगळं गाव. एक म्हातारी ओरडली, "अरे वढ नं बे! मानूस मरून राह्यला अन् हा पाहून राह्यला!"

मी ओढलं.

भाऊंनी वर येऊन तोंडातली नळी काढली. "काहून वढलं बे?"

"बुडबुडे आले, भाऊ."

"ते मी श्वास घेऊन राह्यलो होतो! बुडबुडे बंद पडले तं भ्याचं. आज विहीर होती म्हनून वाचलो. समुद्रात असं केलं असतं तं तुही वहिनी मले जनमभर चमच्यानं भरवत बसली असती."

मला वाटलं, गेली नोकरी. पण ते पुन्हा उतरले. त्या दिवशी पाचदा. शेवटी गाव कंटाळून गेलं. काठावर मी आणि एक बकरी उरलो.

समुद्रावर तिसऱ्या दिवशी वारा सुटला. बोट नांगराला हिसके देऊ लागली. भाऊ वर येता येता थांबलेले. ठेकेदार ओरडला, "ओढ त्याला! नाहीतर उद्या घरचा रस्ता धर!"

घर दोन दिवसांच्या वाटेवर होतं. पण बुडबुडे येत होते.

"साहेब, भाऊ श्वास घेऊन राह्यले," मी म्हणालो आणि दोर छातीशी धरून बसलो. किती वेळ, ठाऊक नाही. तीन झटके आले, भाऊ वर आले, तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती. भाऊंनीच ती एकेक करून सोडवली आणि ठेकेदाराला म्हणाले, "हा गेला तं मीबी गेलो."

आता भाऊ नाहीत. त्यांनी दिलेला एक फोटो आहे माझ्याकडे. जहाजाची गंजलेली तोफ, तिच्या तोंडातून डोकावणारा मासा. येणारे-जाणारे तोफ पाहतात, मासा पाहतात. मी त्यांना कोपऱ्यातली बारीक पांढरी रेघ दाखवतो, फोटोबाहेर वर निघून गेलेली. तिचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.